माफीचं पत्र पोस्टात टाकायचं नसतं

कॅन्सर झालेल्या बायकांचा गट चालवते असं मी सांगितलं की समोरच्याचा आवाज आपोआप हळू होतो. "बापरे, किती कठीण काम," वगैरे. मग मी एखादा किस्सा सांगते. माणूस हसतो, आणि हसून झाल्यावर इकडेतिकडे बघतो, आपण चुकून भलत्या ठिकाणी हसलो की काय म्हणून. असं इतक्या वेळा झालंय की हल्ली मी आधीच परवानगी देऊन टाकते. हसा बिनधास्त. त्या बायका तुमच्या आधी हसून मोकळ्या झाल्यात.

असे किस्से जमवायचे म्हणून जमत नाहीत. शिवणाच्या डब्यात बटणं जमतात तसे जमतात. कुठल्या शर्टाचं कुठलं ते आठवत नाही, पण टाकवतही नाही.

परळला, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, एका ट्रस्टच्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी आमचा गट बसतो. चौदा बुधवारांचा कोर्स. त्याचं भारदस्त नाव पॉझिटिव्ह सायकोथेरपी. माणसाचं काय बिघडलंय ते डॉक्टर बघतातच, आपण काय शाबूत आहे ते बघायचं, एवढाच त्याचा अर्थ. पुस्तकात सगळं फार सोपं वाटतं. पुस्तक लिहिणाऱ्यांना लालबागच्या बायका भेटलेल्या नसतात.

आज सांगते ते सगळे एकाच बॅचचे किस्से. तिघींचे. कुमुदताई दादरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, अजूनही हॉलमध्ये शिरताना आधी फळा पुसलाय का ते बघायच्या. सिसिलिया गिरगावातल्या वाडीत जन्मलेली, फोर्टातल्या ऑफिसात पस्तीस वर्षं स्टेनो. मराठी आपल्याइतकंच अस्खलित, मधेमधे इंग्रजीची फोडणी. आणि तिसऱ्या लताताई गावडे, लालबागच्या. दर उन्हाळ्यात त्यांच्या चाळीतल्या निम्म्या बिऱ्हाडांचा वर्षाचा मसाला लताताईंच्या देखरेखीखाली भाजला जायचा. धणे भाजून झाले की नाही हे त्या जिन्यातून, नुसत्या वासावर सांगायच्या.

लताताईंना डॉक्टरांनी सहा केमो सांगितल्या होत्या. दोन घेतल्या आणि तिसरीला त्या गेल्याच नाहीत. नवऱ्याने, मुलाने, डॉक्टरांनी सांगून झालं. शेवटी डॉक्टरांनी मला फोन केला. "उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. काही करता येतंय का बघा." पहिल्याच दिवशी लताताईंनी मला बजावलं, "म्याडम, तिसरीचं नाव काढायचं नाही. बाकी तुमचं काय ते चालू द्या."

मी म्हटलं, बरं.

*

पहिला गृहपाठ असतो डायरीचा. रोज झोपायच्या आधी दिवसभरात घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. दुसऱ्या बुधवारी मी वाचायला सांगितलं. लताताई उठल्या, चष्मा लावला आणि सोमवारचं पान वाचलं.

"एक. समोरच्या सावंतीणीचा मिक्सर बिघडला. दोन. ती माझ्याकडे वाटण घेऊन आली. तीन. मी आतून सांगितलं, मी घरात नाही."

मी शक्य तेवढ्या गोड आवाजात म्हटलं, "लताताई, ह्या चांगल्या गोष्टी?"

लताताई चिडल्या की मालवणीवर जायच्या. "माका बरां वाटलां ना? बरां वाटलां तां लिवा असां तुमीच सांगितलात."

सांगितलं तर मीच होतं. मी पुढे गेले. कुमुदताईंची डायरी म्हणजे समास आखलेला, तारीख उजवीकडे, प्रत्येक दिवसाच्या तीन गोष्टींना आकडे. मी कौतुकाने पानं चाळली तर गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सगळं भरलेलं. आणि आज तर बुधवार.

"कुमुदताई, हे पुढच्या तीन दिवसांचं आहे."

"हो. रविवारीच आठवड्याचं लिहून ठेवते. शाळेत पाठाचं टाचण असंच काढायचो आम्ही. आयत्या वेळी धांदल होते."

आजच्या तारखेखाली लिहिलं होतं, 'सकाळी उपमा मोकळा झाला.' मी म्हटलं, "मग आज उपमा झाला का मोकळा?"

"झाला तर. केमोनंतर चार दिवस अंथरुणातून उठवत नव्हतं. पण लिहिलं होतं ना, म्हणून उठून करावाच लागला."

मी ह्या उपचारावर दोन वर्षं शिकले. असा वापर कुणी सुचवला नव्हता. पुढच्या बॅचपासून मी तो बिनदिक्कत शिकवते.

*

तिसऱ्या बुधवारी विषय होता, माझ्यातले गुण. प्रत्येकीने स्वतःचे तीन गुण सांगायचे. आपल्याच तोंडाने आपलं कौतुक कसं करायचं, हा प्रश्न. एकीने "मी जास्त बोलत नाही" असं सांगितलं आणि पुढे बोललीच नाही.

तेव्हा सिसिलिया म्हणाली, "शुभदा, असं नाही होणार. लग्नाचं स्थळ सांगतात तसं करूया. प्रत्येकीने बाजूच्या बाईचं स्थळ सांगायचं." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिने कुमुदताईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"मुलगी फर्स्ट क्लास आहे. एज्युकेटेड, पेन्शनवाली, स्वतःचा ब्लॉक, कुणाचं एक ऐकून घेत नाही. उपमा चांगला करते. आता आपण फ्रँकली सांगून ठेवलेलं बरं, उजव्या बाजूला थोडं कमी आहे. तेवढं अ‍ॅडजस्ट करून घ्या."

उजवा स्तन काढल्याला चार महिने झाले होते आणि कुमुदताईंनी तो शब्द आमच्यातच काय, घरीसुद्धा उच्चारला नव्हता. आंघोळीला जाताना त्या न्हाणीघरातला आरसा टॉवेलने झाकायच्या, हे मला त्यांच्या बहिणीकडून कळलं होतं.

कुमुदताईंनी सिसिलियाकडे बघितलं. मग अगदी वर्गात विचारावं तसं विचारलं, "मुलाकडच्यांचा होकार आला का?"

आणि हसायला लागल्या. डोक्याचा रुमाल सरकून गळ्यात आला, तरी हसत होत्या. मीही हसले, आणि घरी गेल्यावर थोडी रडलेही. ते असू दे.

*

नंतरचा बुधवार शांत बसण्याचा. ह्यात मी डोळे मिटायला सांगते, आवाज मऊ करते आणि सगळ्यांना समुद्रकिनाऱ्यावर घेऊन जाते. मी ह्यात तरबेज आहे असं माझं मत होतं.

"मऊ वाळू आहे. लाटा येतायत. तुम्ही निवांत बसला आहात..."

"कुठला समुद्र?" सिसिलियाचा डोळे मिटूनच प्रश्न. "चौपाटी? विसर्जनानंतरची की आधीची?"

"कुठलाही. तुमच्या आवडीचा."

थोडा वेळ गेला. कुणीतरी घोरायला लागलं, ते चालतं. मी लाटा चालू ठेवल्या. तेवढ्यात लताताईंनी डोळे उघडले.

"म्याडम, माझ्या गावचा समुद्र दिसतो. होड्या दिसतात. बांगडे उतरवतायत ते दिसतं. पण वास येणा नाय."

मला आधी कळलंच नाही.

"मासळीचा येत नाही, खाऱ्या वाऱ्याचा येत नाही. दुसऱ्या केमोपासून नाक गेलं, तोंडाची चव गेली. मला वाटलं डोळे मिटून तरी येईल."

केमोत चव जाते हे आम्ही माहितीपत्रकात सातव्या ओळीवर छापतो. 'तात्पुरता बदल जाणवू शकतो.' ज्या बाईची अख्ख्या चाळीतली पत तिच्या नाकावर उभी आहे, तिच्यासाठी हे सातव्या ओळीवर नसतं. मला लाज वाटली.

*

मधे एक आनंदाचा किस्सा सांगते, नाहीतर तुम्ही गंभीर व्हाल.

भेटायला येणाऱ्या माणसांचं काय करायचं, ह्यावर आमचं एक सेशन असतं. कारण आजारापेक्षा ह्या माणसांनीच बायका जास्त बेजार होतात. येतात, हातात शहाळं देतात आणि बसल्या बसल्या सुरू करतात, "आमच्या मावससासूला हाच झाला होता. सहा महिन्यांत आटोपलं हो."

कुमुदताईंकडे अशी एक शेजारीण आली. मावससासूचा आजार तिने पहिल्या गाठीपासून शेवटच्या दिवसापर्यंत सांगितला. कुमुदताईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "छान. आता मला सांगा, ह्या गोष्टीचं तात्पर्य काय?"

शेजारीण गडबडली. कुमुदताई वाट बघत राहिल्या. त्या वाट बघायला लागल्या की चौथीतली मुलंसुद्धा काहीतरी उत्तर द्यायची.

"की... वेळेवर तपासणी करून घ्यावी?"

"बरोबर. तुम्ही कधी करताय?"

पुढच्या आठवड्यात स्वतः सोबत जाऊन त्यांनी तिची तपासणी करून आणली. सगळं ठीक निघालं. शेजारीण आता पेढे घेऊन येते आणि गोष्टी सांगत नाही.

*

सहाव्या बुधवारी चवीने खायचा कार्यक्रम. प्रत्येकीने आपल्या हातचं काहीतरी आणायचं आणि सगळ्यांनी एकेक घास सावकाश, लक्ष देऊन खायचा. लताताईंची चव गेलीय हे माहीत असूनही मी तो कार्यक्रम रद्द केला नाही. आणि त्यांनीही डबा आणला. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं.

मी पहिला घास घेतला. मिठाने जीभ आत ओढली गेली.

"वा, लताताई," मी म्हणाले.

सगळ्यांनी "वा" म्हटलं. सिसिलिया म्हणाली, "लव्हली." कुमुदताई काही न बोलता पाणी प्यायल्या. पुन्हा पाणी प्यायल्या. त्यांनी तिसरा ग्लास भरला तेव्हा लताताईंनी डब्याचं झाकण लावलं.

"खारट झालंय ना?"

कुमुदताईंनी ग्लास खाली ठेवला.

"घरीपण असंच. आमचे हे, अडतीस वर्षं चिमूटभर मीठ कमी-जास्त झालं तर ताट सरकवायचे. आता मान खाली घालून जेवतात आणि 'छान झालंय' म्हणतात. मुलगा पण तसाच. म्याडम, तेराव्याच्या जेवणालाच असं कुणी नावं ठेवत नाय. माझं तेरावं जेवूनच घेतलंय ह्यांनी, मग मी केमो कशाला घेऊ?"

त्या दिवशी कळलं की तिसरी केमो नेमकी कुठे अडकली होती. आणि हेही, की आत्ताच्या पंगतीत मीसुद्धा मुकाट जेवले होते. कौतुक करायचा पगार घेते मी. मी फक्त म्हणाले, "खूप खारट झालंय, लताताई."

"आता सांगून काय उपयोग," त्या म्हणाल्या. खरं होतं.

*

आता आला क्षमेचा बुधवार. ज्याने आपल्याला दुखावलं त्याला पत्र लिहायचं. मनातलं सगळं लिहायचं, शेवटी माफ करायचं आणि पत्र स्वतःकडे ठेवायचं किंवा फाडून टाकायचं. पाठवायचं अजिबात नाही. हा नियम मी दोनदा सांगते.

सिसिलियाने चार ओळी लिहिल्या. "मला प्रॅक्टिस आहे," ती म्हणाली. "मी चर्चमध्ये दर आठवड्याला माफ करते. सोमवारपासून माणसं परत सुरू होतात."

लताताईंनी चार पानं लिहिली. थोरल्या नणंदेला, गावी असलेल्या शेवंतीवन्संना. मोठ्याने वाचून दाखवली. लग्नात दिलेल्या साडीपासून गौरीपुढे नव्या सुनेने वाहायच्या ओवशापर्यंत सगळे गुन्हे तारीखवार. पण मुख्य गुन्हा तिसऱ्या पानावर होता, आणि तो बारशाचा होता.

आपल्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. पाळण्याशी वाकून ती कानात नाव सांगते आणि मग जमलेल्यांना. लताताईंनी मुलाचं नाव निखिल ठरवलं होतं. पाळण्यावर कापसाने तसं लिहिलंही होतं. शेवंतीवन्सं वाकल्या, कानात काहीतरी म्हणाल्या आणि ताठ उभ्या राहून जाहीर केलं, "राजाराम."

राजाराम म्हणजे वन्संच्या वडलांचं, लताताईंच्या सासऱ्यांचं नाव. सगळ्यांसमोर काय बोलणार. राजाराम आता चौतिशीचा आहे, बँकेत आहे, आणि चौतीस वर्षं आईने त्याला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. 'बाळा' म्हणते.

पत्राची शेवटची ओळ होती, 'तरी मी तुम्हाला माफ केलेले आहे. कळावे.'

टाळ्या झाल्या. कुमुदताई म्हणाल्या, "मुद्देसूद आहे." लताताईंनी माझ्याकडे पाकीट मागितलं. मला वाटलं, नीट ठेवायचं असेल. मी ड्रॉवरमधून काढून दिलं. हो, पाकीट मीच दिलं.

पुढच्या बुधवारी आम्ही नुकत्याच बसलो होतो, इतक्यात दार ढकलून एक उंच, सत्तरीची बाई आत आली. नऊवारी, एका हातात प्रवासाची पिशवी, दुसऱ्या हातात माझ्या ट्रस्टचं नाव-पत्ता छापलेलं पाकीट.

"लता गावडे खंय असा?"

लताताई इतक्या दचकून उभ्या राहिल्या की खुर्ची पडली. "वन्सं?"

मी दोघींच्या मधे जायच्या तयारीत होते. वन्सं भांडायलाच आल्या होत्या, ते त्यांच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं. त्यांनी पाकीट वर उचललं, आणि मग त्यांचं लक्ष लताताईंच्या डोक्याच्या रुमालाकडे गेलं. भुवया गेलेल्या. गळ्याची हाडं. भिंतीवरचे आमचे बोर्ड. आजाराचं गावी कुणालाच कळवलेलं नव्हतं.

पाकीट हळूहळू खाली आलं.

"चार पानां लिवलंस गो," वन्सं म्हणाल्या. "आणि ह्यां लिवूक नाय?"

सिसिलियाने आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. वन्सं बसल्या, आणि तो आख्खा तास पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. जाताना त्यांनी लताताईंचा हात धरला होता आणि दोघी जिन्यावरून भांडत उतरत होत्या.

*

ह्याच्या पुढचं मी पाहिलेलं नाही, लताताईंनी सांगितलेलं आहे. त्या संध्याकाळी त्यांनी बांगड्याचं तिखलं केलं. चौघं जेवायला बसले. नवरा म्हणाला, "छान झालंय." राजारामने मान हलवली. वन्संनी पहिला घास तोंडात घातला आणि ताट सरकवलं.

"लते, ह्यां तोंडात घालूक येणा नाय. मिठागर केलंस."

राजाराम घाबरून म्हणाला, "आत्या!" नवरा ताटात बघत बसला.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"रडले," लताताई म्हणाल्या. "मग उठले, कढईत पाणी घातलं, पळी वन्संच्या पुढे धरली. म्हटलं, आता सांगा."

त्या दिवसापासून वन्सं चुलीशी पाट टाकून बसायला लागल्या. लताताई करणार, वन्सं चाखणार. "मीठ पुरे." "तिरफळ कमी." "आज बरां झालां, पण तुझ्या हातचां नाय." ह्या शेवटच्या वाक्यावरून म्हणे दोन दिवस अबोला होता. लताताई मला हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगायच्या, आणि त्यांचा आवाज महिनाभरात पहिल्यांदा खणखणीत होता.

पुढच्याच आठवड्यात त्या तिसऱ्या केमोला गेल्या. मी कारण विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं, "घरात एक तरी माणूस मला जिवंत धरून बोलतंय."

डॉक्टर खूश झाले. कुठल्या सेशनने फरक पडला हे त्यांना नोंदवायचं होतं. मी लिहिलं, क्षमापत्र. पोस्टाचा उल्लेख केला नाही.

*

चौदाव्या बुधवारी कृतज्ञतेचं पत्र असतं. ज्याचे आभार मानायचे त्याला बोलवायचं आणि समोर बसवून वाचायचं. चौथी केमो झाली होती. पाचवी दोन दिवसांनी, शुक्रवारी, आणि सहावी त्यानंतर तीन आठवड्यांनी. पण वन्संचं गुरुवारचं तिकीट होतं. गावी त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते, थांबणं शक्यच नव्हतं.

लताताई कागद घेऊन उभ्या राहिल्या. "प्रिय शेवंतीवन्सं यांस..."

"थांब," वन्संनी हात वर केला. "ह्यां काय?"

"आभाराचं पत्र."

"आभार परक्याचे मानतत. मी काय सोसायटीचो सेक्रेटरी आसंय? घडी घाल त्या कागदाची."

लताताईंनी घडी घातली. माझ्या शेवटच्या सेशनचा कळसच गेला. पण खरं सांगते, मला त्याचं काही वाटलं नाही. माझं लक्ष लताताईंच्या चेहऱ्याकडे होतं. निघताना मी विचारलं, "शुक्रवारी येताय ना?" त्यांनी चपला घालता घालता नुसतं "बघू" म्हटलं. पहिल्या दिवशी आल्या तेव्हा त्यांचा आवाज असाच होता.

गुरुवारी मी दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. आपण फोन करायचा आणि त्यांनी नाही म्हणायचं, मग पुढे काही उरत नाही.

शुक्रवारी दुपारी मला राहवलं नाही. मी हॉस्पिटलच्या डे-केअर वॉर्डकडे गेले. बाहेरच्या बाकावर लताताईंचे यजमान, दत्ताराम गावडे, मांडीवर डबा घेऊन बसले होते. माझा जीव भांड्यात पडला.

"आत चाललंय," ते म्हणाले.

"केमो?"

"भांडण."

मी दार उघडलं. ओळीने सहा खुर्च्या, सहा सलाइन. मधल्या खुर्चीत लताताई, मांडीवर मोबाइल, स्पीकर चालू. पलीकडून वन्संचा आवाज साऱ्या वॉर्डात. बाकीच्या पाच जणी कान देऊन ऐकत होत्या. एकीने तर आपली खुर्ची तारांसकट इकडे वळवून घेतली होती. मी सिस्टरकडे बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, "दोन तास झाले. मी फोन बंद करायला सांगितलं होतं. पेशंट्सनीच नको म्हटलं."

"निखिल लिवलेला माका दिसत होता मां," फोनमधून वन्सं म्हणत होत्या. "कापसान एवढा मोठा लिवलेला. मी आंधळी नाय."

"मगे कित्याक बदललात? चौतीस वर्सां इचारतंय मी मनात. आज सांगा."

"सांगतंय. आदल्या सांजेक बाबांनी माका माजघरात बोलवल्यानी. दार लावून घेतल्यानी. आणि म्हणाले, शेवंते..."

टीं टीं टीं. लताताईंचं मशीन वाजायला लागलं. बाटली रिकामी झाली होती. सिस्टर सुई काढायला पुढे झाल्या.

"अहो सिस्टर, दोन मिनिटं," कोपऱ्यातली बाई म्हणाली. खुर्ची वळवलेलीने हातच जोडले. "प्लीज, बाबूजीने क्या बोला, वो तो सुनने दो."

लताताईंनी बाटलीकडे बघितलं. एकेक करून सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं, दारातल्या माझ्याकडेही. मग मोबाइल तोंडाजवळ नेला.

"वन्सं, ठेवतंय आता. उरलेलां पुढच्या केमोक."